पहिला प्रयोग नेमका कोणता? एक नाटक, दोन संस्था आणि ‘जागतिक प्रीमियर’चा दावा

एकाच नाटकाची दोन पोस्टरं, दोन शहरांत, एकाच आठवड्यात. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत ‘जागतिक प्रीमियर’, म्हणजे जगातला पहिला प्रयोग. दोन्ही संस्थांनी प्रामाणिकपणे छापलेलं, आणि शेवटी दोन्ही पोस्टरं बदलावी लागली. असं का झालं आणि ते कसं निस्तरलं, याची ही मांडणी.

हे प्रकरण कुठल्या एका संस्थेचं नाही. नव्या नाटकांच्या करारांत आणि जाहिरातींत जे प्रश्न पुन्हा पुन्हा उभे राहतात, ते एका नाटकाभोवती गुंफून मांडले आहेत. त्यातल्या तारखा आणि आकडे मांडणीपुरते आहेत. मधे येणारी रंगभूमीच्या इतिहासातली उदाहरणं मात्र खरी आहेत.

काय घडलं

नाटक दोन अंकी, पाच पात्रांचं, संहिता ९६ पानांची. नाट्यगृह २२० आसनांचं असलेल्या एका व्यावसायिक संस्थेने (तिला ‘अ’ म्हणू) लेखिकेशी करार केला. करारातलं महत्त्वाचं वाक्य असं होतं: ‘या नाटकाच्या जागतिक प्रीमियरचा हक्क संस्थेकडे राहील आणि तो होण्यापूर्वी इतर कोणालाही प्रयोगाची परवानगी दिली जाणार नाही.’ त्या बदल्यात संस्थेला दोन गोष्टी मिळणार होत्या. छापील संहितेत आणि पुढच्या प्रत्येक निर्मितीच्या पत्रिकेत श्रेयाची ओळ, आणि लेखिकेला या नाटकातून पुढे जे मिळेल त्याचे ५ टक्के, ५ वर्षं. लेखिकेने खाली आणखी एका वाक्यावर सही केली होती: ‘या नाटकाचा यापूर्वी प्रयोग झालेला नाही.’

दुसऱ्या शहरातल्या ‘ब’ संस्थेलाही हेच नाटक हवं होतं. अ ने हरकत घेतली नाही, कारण वेळापत्रकात अ पुढे होती. अ चे प्रीव्ह्यू (समीक्षकांना बोलावण्याआधीचे, तिकीट लावून केलेले प्रयोग) ३ तारखेपासून आणि ओपनिंग (समीक्षकांना बोलावतात ती रात्र) १२ ला. ब चा पहिला प्रीव्ह्यू १४ ला आणि ओपनिंग २० ला. मधे दोन दिवसांचं अंतर. नाट्यनिर्मितीत दोन दिवस म्हणजे काहीच नाही, हे दोन्हीकडच्या लोकांना ठाऊक असायला हवं होतं.

अ चा ३ तारखेचा प्रीव्ह्यू नीट पार पडला. ४ तारखेला दुसऱ्या अंकात मुख्य अभिनेत्री रंगमंचावरच्या चार फुटी लेव्हलवरून (चौथऱ्यावरून) उतरताना घसरली, घोटा मुरगळला, प्रयोग तिथेच थांबला आणि प्रेक्षकांचे पैसे परत केले गेले. बदली अभिनेत्री तयार केलेली नव्हती. अ ने पुढचे प्रयोग रद्द केले, १५ तारखेपासून प्रीव्ह्यू पुन्हा सुरू केले आणि ओपनिंग २१ ला ढकललं. ब ची तिकिटं विकली गेली होती, तिने तारखा हलवल्या नाहीत. म्हणजे पहिला प्रीव्ह्यू अ चा, पण ओपनिंग एक दिवसाने ब चं आधी. त्यातच, सक्तीच्या सुट्टीत लेखिकेने शेवटचा प्रवेश पुन्हा लिहिला. ९ पानांचा ६ पानांचा झाला. अ ने १५ पासून नवा शेवट केला, ब ची निर्मिती जुन्या शेवटावर बसली होती.

आणि २२ तारखेला एका समीक्षकाने विचारलं की, दोन वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या नाट्यविभागाने याच नाटकाचे चार प्रयोग केले होते, त्यांचं काय?

शब्द एक, अर्थ तीन

मराठीत ‘शुभारंभाचा प्रयोग’ म्हणतो तेव्हा त्या निर्मितीचा पहिला प्रयोग अभिप्रेत असतो. पन्नास वर्षांपूर्वीचं नाटक नव्या संचात उभं राहिलं तरी त्याचा शुभारंभ होतोच. जर्मन रंगभूमीवर हा भेद अगदी शिस्तीने पाळतात. ‘प्रेमिएरे’ म्हणजे त्या नाट्यगृहातल्या नव्या निर्मितीची पहिली रात्र; ‘उरआउफ्फ्यूरुंग’ म्हणजे जगातला पहिलावहिला प्रयोग; ‘एर्स्टआउफ्फ्यूरुंग’ म्हणजे त्या देशातला किंवा त्या भाषेतला पहिला. पत्रिकेवर यातला नेमका शब्द छापतात, त्यामुळे वाचणाऱ्याला दावा कशाचा आहे ते कळतं. इंग्रजी वळणाने आलेल्या ‘प्रीमियर’ या एकाच शब्दाला आपण जागतिक, राष्ट्रीय, व्यावसायिक अशी विशेषणं लावतो. गडबड होते ती पोस्टरवर जागा कमी पडल्यावर विशेषण गळतं तेव्हा, किंवा जास्त वजनाचं विशेषण उचललं जातं तेव्हा.

ही विशेषणं एकमेकांपासून किती स्वतंत्र आहेत, हे आयरिश नाटककार सॅम्युएल बेकेटच्या दोन नाटकांवरून स्पष्ट दिसतं. ‘एंडगेम’ त्याने फ्रेंचमध्ये लिहिलं, आणि त्याचा पहिला प्रयोग ३ एप्रिल १९५७ रोजी लंडनच्या रॉयल कोर्टमध्ये झाला, तोही फ्रेंचमध्ये. त्याच नाट्यगृहात त्याचं इंग्रजी रूप आलं ते २८ ऑक्टोबर १९५८ ला. याउलट ‘प्ले’ हे नाटक इंग्रजीत लिहिलेलं, पण त्याचा जगातला पहिला प्रयोग १४ जून १९६३ रोजी जर्मनीतल्या उल्म शहरात जर्मन अनुवादातून झाला. म्हणजे ‘जागतिक’ म्हटलं की ‘मूळ भाषेत’ किंवा ‘लेखकाच्या देशात’ हे आपोआप त्यात येत नाही. प्रत्येक गोष्ट वेगळी तपासावी लागते.

आधी कागद

वाद सुरू झाला की पहिले दोन दिवस लोक आठवणींवर भांडतात. ते थांबवून कागद गोळा करावेत. या प्रकरणात सहा कागद पुरेसे ठरले: दोन्ही करार, दोन्ही तिकीटबाऱ्यांचे रोजचे हिशेब, रंगमंच व्यवस्थापकाचे प्रयोग अहवाल, संहितेच्या सगळ्या आवृत्त्या त्यांच्या क्रमांकांसह, अभिवाचनापासून सगळ्या सादरीकरणांच्या पत्रिका, आणि विद्यापीठाची प्रयोगाची फाइल.

यातला सर्वात मोलाचा कागद प्रयोग अहवाल. रंगमंच व्यवस्थापक तो रोज रात्री लिहितो आणि सहसा कोणी पुन्हा वाचत नाही. अ च्या ३ तारखेच्या अहवालात होतं: प्रयोग क्रमांक १. सुरुवात ७:३४. पहिला अंक ५८ मिनिटं, मध्यांतर १७, दुसरा अंक ५१. शेवट ९:४०. प्रेक्षक १४३, त्यातली विक्रीची तिकिटं ९६, पास ४७. संहिता ७. टिपा: चौथ्या प्रवेशात खिडकीचा प्रकाश उशिरा आला, दुसऱ्या अंकात फोनची बेल वाजली नाही, संवाद बदलून निभावून नेलं. ४ तारखेच्या अहवालात: दुसरा अंक सुरू होऊन ११ मिनिटांनी प्रयोग थांबवला, परतावा दिला.

‘संहिता ७’, म्हणजे संहितेची सातवी आवृत्ती, हे दोन शब्द पुढे फार उपयोगी पडले. ज्या संस्था अहवालात संहितेचा क्रमांक लिहीत नाहीत त्यांनी तो आजपासून लिहायला घ्यावा.

अभिवाचन आणि कार्यशाळा

विद्यापीठाच्या प्रयोगांखेरीज या नाटकाची आधी चार सादरीकरणं झाली होती: एक बंद दाराआडचं वाचन, एका महोत्सवात साठेक लोकांसमोर हातात संहिता घेऊन केलेलं अभिवाचन, आणि दहा दिवसांच्या कार्यशाळेच्या शेवटी निमंत्रितांसमोर दोन सादरीकरणं, जिथे पाठांतर होतं, ढोबळ हालचाली होत्या, पण नेपथ्य म्हणून चार खुर्च्या आणि एक टेबल.

वाचनाने प्रीमियर होत नाही, यावर रंगभूमीवर जवळपास एकमत आहे. कायद्याने मात्र एकेकाळी वेगळं ठरवलं होतं. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये रंगभूमीचे हक्क सुरक्षित करण्यासाठी ‘कॉपीराइट प्रयोग’ करत. ब्रॅम स्टोकरने ‘ड्रॅक्युला’ पुस्तकरूपात येण्याच्या आठ दिवस आधी, १८ मे १८९७ रोजी, लंडनच्या लायसियम नाट्यगृहात त्याचं नाट्यरूप असंच घाईघाईने वाचून घेतलं. कायद्याच्या लेखी तो जाहीर प्रयोग ठरला. प्रेक्षकांसाठी बसवलेलं नाटक म्हणून त्याची गणना कोणी करत नाही, आणि तेच बरोबर आहे.

कार्यशाळेचं तसं सोपं नसतं. टोनी कुशनरच्या ‘एंजल्स इन अमेरिका’चा पहिला भाग १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या मार्क टेपर फोरममध्ये कार्यशाळा म्हणून झाला, जागतिक प्रीमियरचं श्रेय मात्र १९९१ मध्ये पूर्ण निर्मिती करणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या युरेका थिएटरकडे आहे. फरक निर्मितीच्या हेतूत असतो. कार्यशाळेत संस्था प्रेक्षकाला सांगते की हे अजून घडतं आहे. प्रयोगात म्हणते की हे नाटक आहे, बघा. आमच्या मते कार्यशाळेला प्रीमियर न मानण्यासाठी तीन गोष्टी असाव्यात: पूर्ण नेपथ्य-प्रकाश नसणं, तिकीट नसणं किंवा नाममात्र असणं, आणि जाहिरातीत ‘कार्यशाळा’ हा शब्द असणं. यातल्या दोन गोष्टी गळाल्या तर तिसरीच्या आधारावर ‘आधी काही झालंच नाही’ म्हणता येत नाही. इथे तिन्ही होत्या. प्रश्न मिटला.

एक सावधगिरी. कार्यशाळेचं चित्रण कोणी इंटरनेटवर खुलं ठेवलं तर ‘निमंत्रितांपुरतं’ हा आधार ढासळतो. या प्रकरणात चित्रण संकेतशब्दामागे होतं आणि महिनाभरात काढलेलं होतं. कार्यशाळेच्या करारात चित्रण कोणाकडे राहील, किती दिवस आणि कोणाला दाखवता येईल, हे तीन मुद्दे लिहिलेच पाहिजेत.

प्रीव्ह्यू की ओपनिंग

अ म्हणत होती, आमचा ३ तारखेचा प्रयोग पहिला. ब म्हणत होती, प्रीव्ह्यू म्हणजे तालीमच, समीक्षकांना बोलावतात ती रात्र खरी, आणि ती आमची आधी आली.

ब चं म्हणणं हवेतलं नव्हतं. प्रीव्ह्यूच्या काळात दिग्दर्शक रोज दुपारी बदल करतो, प्रवेश कापतो, प्रकाश बदलतो. समीक्षक ओपनिंगपर्यंत लिहीत नाहीत, आणि अनेक पुरस्कारांची पात्रता ओपनिंगच्या तारखेवरून मोजतात. पण हा संकेत किती ताणता येतो हे ब्रॉडवेवरच्या ‘स्पायडरमॅन : टर्न ऑफ द डार्क’ या संगीतिकेने दाखवलं. पहिला प्रीव्ह्यू २८ नोव्हेंबर २०१०, ओपनिंग १४ जून २०११, मधे १८२ प्रीव्ह्यू. ओपनिंग पुन्हा पुन्हा पुढे गेल्यावर मोठ्या वृत्तपत्रांनी फेब्रुवारीतच समीक्षा छापल्या. सहा महिने लोक तिकीट काढून बघत होते. ते ‘झालंच नाही’ असं कसं म्हणणार?

म्हणून या मुद्द्यावर आमचं मत ठाम आहे. विक्रीच्या तिकिटावर, सर्वांसाठी खुला, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या अंधारापर्यंत झालेला प्रयोग हा प्रयोगच. नटासाठी तो प्रयोग असतो, चूक झाली तर ती लोकांसमोर होते. फोनची बेल वाजली नाही आणि अभिनेत्रीने ते सांभाळून नेलं, हे तालमीत घडत नाही, तालमीत थांबून पुन्हा करतात. ‘प्रीव्ह्यू’ हा संस्था आणि समीक्षक यांच्यातला समजुतीचा करार आहे, लेखक आणि इतिहास यांच्यातला नव्हे. तेव्हा दोन तारखा दोन कामांसाठी ठेवाव्यात: हक्क, श्रेय आणि क्रम यांसाठी पहिला जाहीर प्रयोग, समीक्षा आणि पुरस्कार यांसाठी ओपनिंग.

त्या हिशेबाने अ पुढे. ४ तारखेचा अर्धवट प्रयोग मोजायचा की नाही हा वाद मग उरतच नाही, कारण ३ चा पूर्ण झाला होता. तो नसता तर मात्र खरी अडचण होती. अपूर्ण सादरीकरण पहिला प्रयोग ठरत नाही असा सरधोपट नियम करता येत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चे सातांपैकी पहिले चार अंकच ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाले, आणि तरी पहिल्या प्रयोगाची तारीख म्हणून तीच मानली जाते. पण तिथे चार अंक करायचे हे ठरवून केलं होतं, जेवढं आणलं तेवढं पूर्ण झालं. अपघाताने तुटलेल्या आणि पैसे परत केलेल्या प्रयोगाला ते लागू होत नाही. परतावा दिला म्हणजे ‘तुम्हाला कबूल केलेला प्रयोग झाला नाही’ असं संस्थेनेच मान्य केलं.

बदललेल्या शेवटाचा मुद्दा ब ने नंतर काढला: अ चं आजचं नाटक वेगळं आहे, जुन्या शेवटाचं नाटक समीक्षकांसमोर आम्हीच प्रथम आणलं. इथे ‘संहिता ७’ कामी आलं. ३ तारखेला अ ने जुनाच शेवट केला होता. आणि मुळात ९६ पानांत ९ ची ६ पानं झाल्याने नाटक नवं होत नाही. बर्टोल्ट ब्रेख्तच्या ‘गॅलिलिओ’शी तुलना करा. पहिलं रूप ९ सप्टेंबर १९४३ ला झ्युरिकमध्ये आलं. मग चार्ल्स लॉटन या नटाबरोबर ब्रेख्तने इंग्रजी रूप घडवलं, ते १९४७ मध्ये लॉस एंजेलिसला झालं, आणि त्यात गॅलिलिओकडे बघण्याची लेखकाची दृष्टीच बदलली होती. तिथे दोन्ही रूपांच्या पहिल्या प्रयोगांची वेगळी नोंद ठेवणं रास्त आहे. इथे नाही.

विद्यापीठाचे चार प्रयोग

इथे प्रकरण खरं अवघड झालं, कारण इथे दोन्ही संस्थांच्या आणि लेखिकेच्या पायाखालची जमीन हलली.

फाइल उघडली. नाटकाचं नाव तेच. पात्रं तीच पाच. संहिता ८८ पानांची, म्हणजे नंतर जेमतेम ८ पानांची भर. संपूर्ण नेपथ्य, वेशभूषा, संगीत. चार प्रयोग, खुली तिकीटविक्री. नट विद्यार्थी, दिग्दर्शक विभागातले अध्यापक. समीक्षा आली नव्हती.

लेखिकेचं म्हणणं होतं की विद्यार्थ्यांचे प्रयोग ‘मोजत नाहीत’ असंच तिने सगळीकडे ऐकलं होतं. खोटं बोलण्याचा तिचा हेतू नव्हता, आणि हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. कितीतरी संस्था आणि स्पर्धा विद्यार्थी प्रयोगांकडे दुर्लक्ष करतात, ते लेखकाच्या भल्यासाठीच. नाहीतर शिकणाऱ्या मुलांना नवं नाटक द्यायला कोणी धजणार नाही. पण ‘आम्ही मोजत नाही’ आणि ‘झालंच नाही’ यांत अंतर आहे. संस्थेचं धोरण पहिलं सांगू शकतं. दुसरं केवळ वस्तुस्थिती सांगते.

नट हौशी होते म्हणून प्रयोग पहिला ठरत नाही, हे इतिहासाला मान्य नाही. हेन्रिक इब्सेनचं ‘गेंगांगेरे’, म्हणजे इंग्रजीतलं ‘घोस्ट्स’, डिसेंबर १८८१ मध्ये छापून आलं. स्कँडिनेव्हियातल्या मोठ्या नाट्यगृहांनी ते नाकारलं. त्याचा जगातला पहिला प्रयोग २० मे १८८२ रोजी शिकागोतल्या ऑरोरा टर्नर हॉलमध्ये झाला, स्थलांतरित स्कँडिनेव्हियन प्रेक्षकांसमोर, मूळ भाषेत. मिसेस अल्विंगच्या भूमिकेतली अभिनेत्री सोडली तर संच बहुतांशी हौशी होता. युरोपातला पहिला प्रयोग २२ ऑगस्ट १८८३ ला स्वीडनमधल्या हेल्सिंगबोर्गला, ऑगस्ट लिंडबर्गच्या व्यावसायिक कंपनीने, स्वीडिश भाषेत केला. लंडनला १८९१ मध्ये तो सभासदांपुरता खाजगी प्रयोग म्हणून करावा लागला, कारण परवाना मिळणं शक्य नव्हतं. एवढे सगळे ‘पहिले’ असूनही जागतिक प्रीमियर म्हणून नोंद आहे ती शिकागोच्या त्या संध्याकाळची. ज्यांनी ते नाटक आधी उभं केलं, त्यांचं ते ऋण आहे.

हाच न्याय इथे लावला. पूर्ण संहिता, पूर्ण निर्मिती, खुली तिकिटं. विद्यापीठाचा पहिला प्रयोग हाच नाटकाचा पहिला प्रयोग. संहिता निम्मी बदलली असती, नाव आणि पात्रं वेगळी असती, तर ‘घडणीतला टप्पा’ म्हणता आलं असतं. ८८ वरून ९६ पानांना तसं म्हणणं म्हणजे त्या मुलांचं काम पुसणं.

तोडगा

अ ने पोस्टरवर ‘व्यावसायिक रंगभूमीवर जगात प्रथमच’ असं केलं. ब ने प्रीमियर हा शब्द काढून केवळ आपल्या शहरातला पहिला प्रयोग एवढंच ठेवलं. त्यासाठी नवा करार करायची गरज पडली नाही. तिन्ही पक्षांच्या सह्यांचं एक पानी पुरवणी पत्र झालं. ‘यापूर्वी प्रयोग झालेला नाही’ या जागी ‘यापूर्वी व्यावसायिक प्रयोग झालेला नाही’ आलं. अ चा ५ टक्के वाटा कायम राहिला, फक्त तो ‘पहिल्या व्यावसायिक निर्मिती’साठी म्हणून. अ ने इथे मोठेपणा दाखवला. हमी चुकीची होती एवढ्या आधारावर तिला जास्त मागता आलं असतं. पण नाटकावर तिने मेहनत घेतली ती विद्यापीठाच्या प्रयोगांनी कमी झाली नव्हती, आणि वाटा त्या मेहनतीचाच होता.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा असतो. सगळे आधी पोस्टर बदलायला धावतात, कारण ते डोळ्यासमोर असतं. पण आधी पत्र जायला हवं ते अनुदान देणाऱ्यांना. अ ने ‘अप्रयोगित नाटक’ या अटीवरच अनुदान घेतलं होतं. पोस्टरवरची चूक ही चूक असते. अनुदानाच्या अहवालातली चूक कळल्यावरही राहू दिली तर ती फसवणूक होते. अनुदान देणाऱ्यांनी नियम वाचून कळवलं की अट व्यावसायिक प्रयोगांपुरती आहे. अनुदान वाचलं. त्यानंतर पुरस्कारांचे अर्ज, मग प्रसिद्धीपत्रक, मग पत्रिकेचं आतलं पान, आणि शेवटी पोस्टर.

हे सगळं टाळण्याची एक वाट दोन्ही संस्थांसमोर सुरुवातीपासून होती आणि कोणी ती घेतली नाही, याचं वाईट वाटतं. अमेरिकेतलं नॅशनल न्यू प्ले नेटवर्क ‘रोलिंग वर्ल्ड प्रीमियर’ चालवतं: किमान तीन संस्था बारा महिन्यांच्या आत एकाच नव्या नाटकाच्या आपापल्या स्वतंत्र निर्मिती करतात आणि प्रीमियरचं श्रेय वाटून घेतात. लेखक एका निर्मितीतून शिकून पुढच्या निर्मितीआधी संहिता सुधारतो. नव्या नाटकाला पहिली निर्मिती मिळणं कठीण, पण दुसरी मिळणं त्याहून कठीण, कारण ‘प्रीमियर’चा शिक्का गेलेल्या नाटकात संस्थांना रस उरत नाही. कितीतरी चांगली नाटकं एका गावात वीस प्रयोग करून कायमची मिटतात. अ आणि ब ने आधीच श्रेय वाटून घेतलं असतं तर दोन दिवसांच्या अंतरावर एवढं ओझं पडलं नसतं, आणि ब ला नवा शेवटही वेळेत मिळाला असता. फक्त ही वाट तालमी सुरू होण्याआधी लेखी ठरवावी लागते. भांडण झाल्यावर ‘चला, वाटून घेऊ’ म्हटलं तर पहिल्या संस्थेला ते आपल्या हक्कावर पाणी सोडणंच वाटतं.

छापील संहितेच्या श्रेयाच्या पानावर तीन परिच्छेद गेले. पहिला विद्यापीठाच्या प्रयोगाचा: विभागाचं नाव, तारीख, दिग्दर्शक, पाचही विद्यार्थ्यांची नावं भूमिकांसह, आणि ‘संहितेचं आधीचं रूप’ ही नोंद. दुसरा अ चा: ‘पहिली व्यावसायिक निर्मिती, पहिला जाहीर प्रयोग ३ तारखेला, ओपनिंग २१ ला’, आणि संपूर्ण संच. तिसरा एका ओळीचा, कार्यशाळा घेणाऱ्या संस्थेच्या आभाराचा. ब चं नाव या पानावर आलं नाही. तशी पद्धत नाही आणि करारही नव्हता.

यानंतर तिसऱ्या संस्थेने अनुवादाचे हक्क मागितले आणि मसुद्यात पुन्हा नुसतं ‘प्रीमियर’ लिहिलं. या वेळी लेखिकेने त्याच्या जागी हे कलम घातलं:

‘या करारात “प्रीमियर” म्हणजे या नाटकाच्या संपूर्ण अनुवादित संहितेचा, संपूर्ण निर्मितीसह, विक्रीच्या तिकिटावर सर्वांसाठी खुला असा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत पार पडलेला पहिला प्रयोग, मग त्याला प्रीव्ह्यू म्हटलेलं असो वा नसो. वाचन, अभिवाचन, कार्यशाळा आणि रंगीत तालीम या व्याख्येत मोडत नाहीत. संस्थेने हा प्रयोग अमुक तारखेपर्यंत केला नाही तर अनन्य हक्क संपेल. जाहिरातीत “या भाषेत प्रथमच” हे शब्द वापरता येतील. “जागतिक प्रीमियर” वापरता येणार नाही. मूळ नाटकाच्या आधीच्या सर्व प्रयोगांची यादी सोबत जोडली आहे.’

जोडलेल्या यादीत सात नोंदी आहेत, बंद दाराआडच्या वाचनापासून ब च्या प्रयोगांपर्यंत. विद्यापीठाचा प्रयोग तारखेनुसार आपल्या जागी आहे.